अक्काच्या लिंबाला फुटलेला कान

झाडावर चढायचं आणि लोकांवर ओरडायचं, या दोन कामांत माझी उमर गेली. लहानपणी शेळ्यांना पाला पाडायला चढायचो, आता दोर, कमरपट्टा आणि मशीनची करवत घेऊन चढतो. वाळक्या फांद्या उतरवणं, आंब्याची छाटणी, घरावर झुकलेलं झाड हलकं करणं, असली कामं. धारूरपासून नांदूरघाटापर्यंत कुणाच्या झाडाला काही झालं की फोन मला येतो आणि निम्म्या वेळेला मी पोचल्या पोचल्या भांडतो. झाडाचं दुखणं बहुतेक वेळा माणसानंच केलेलं असतं. कुणी केलं म्हणून विचारलं की सगळे आभाळाकडं बघायला लागतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पारावरून. आमच्याकडं झाड आवडलं की त्याला पार बांधतात. चांगला सावलीचा लिंब, म्हणजे कडुलिंब, दिसला की गोल भिंत घातली, आत कमरेइतका मुरूम भरला, वरून सिमेंट ओतलं, एखाद्या पुढाऱ्याच्या हातनं नारळ फोडला, झालं! आता झाडाचा बुंधा जमिनीपाशी पसरत जातो, मुळ्यांच्या तोंडाची ती जागा उघडी लागते, तिला वारा लागतो. ती मातीत पुरली की साल ओली राहते, ओली साल कुजते, आणि कुजलेल्या जागी बुरशी आत शिरते. हे मी किती गावांत सांगितलं असेल! लोक पारावरच बसून ऐकतात, माना हलवतात, वर मलाच चहा पाजतात.

असाच एक पार माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरापुढं होता. दाजींनी स्वतःच्या हातानं बांधलेला. बांधत असतानाच मी त्यांच्याशी कचाकचा भांडलो होतो. दाजी शांतपणे म्हणाले, "तुझी अक्का दिवसभर मेंढरामागं हिंडून येती. ती टेकंल कुठं?" पुढं दाजी गेले. पार राहिला, लिंब राहिला, लिंबाखालचं मेंढरं कोंडायचं वाडगं राहिलं, आणि अक्का राहिली.

अक्काचा लेक, म्हणजे माझा भाचा, बीडला असतो. कोर्टासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मेंढरं विकून आईनं बीडला यावं, हे त्याचं टुमणं जुनंच. अक्का काही दाद देत नव्हती. तिथं एका खोलीत बसून मी भिंतीशी बोलू का, म्हणायची. त्याचे फोनही तिला जड झाले होते. "दुपार न्हाई, सांज न्हाई, उठलं की फोन. जेवलीस का, जेवलीस का. मला काय तान्हं लेकरू समजतो का काय बाई!" असं ती माझ्याकडं कुरकुरायची.

मागच्या पावसाळ्यानंतर भाच्याचा मला फोन आला. आवाज घाईचा. "मामा, गावाकडं गेलो तर लिंबाच्या बुडाला बुरशी फुटलीय. फोटो टाकलाय, बघा. झाड घरावर येईल. आईला म्हणलं, आता तरी चल. ती म्हणली, तुझा मामा झाड वाईट हाय म्हणला तर येते, मेंढरं बी इकते. आता तुमीच सांगा तिला."

फोटो मोठा करून बघितला. बुंधा जिथं सिमेंटमध्ये शिरत होता तिथं एक भलामोठा कान फुटला होता. आम्ही त्या बुरशीला कानच म्हणतो. वरून तांबडी, वार्निश मारल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी, आणि हाताला लाकडासारखी टणक. बुंध्यापाशी ती दिसली की समजायचं, मुळ्या आतून कुजत चालल्यात. असा कान फुटलेला एक लिंब मी पडलेला बघितलाय. वर हिरवागार पाला, वाऱ्याची झुळूक नाही, आणि भर दुपारी झाड गोठ्यावर आडवं. गोठा रिकामा होता म्हणून बरं. तेव्हापासून असा कान दिसला की मी सरळ झाड उतरवायला सांगतो. त्यात माझ्या भावनेचं काही चालत नाही.

आणि आता ते मला अक्काला सांगायचं होतं. माझ्या एका शब्दावर तिची मेंढरं जाणार, घराला कुलूप लागणार. खोटं बोलावं तर उद्या झाड तिच्याच डोक्यावर. वाटेत गाडी चालवताना मला सगळ्यांचाच राग आला. भाच्याचा, कारण निवाडा त्यानं माझ्या गळ्यात घातला. अक्काचा, कारण ती अट मुळात तिनंच घातली. आणि दाजींचा तर सगळ्यात जास्त.

मी पोचलो तेव्हा अक्का कोकरांना पाजत होती. मी झाडाभोवती फिरलो. शेंडा भरलेला, पाला दाट, झाड कुठं कललेलं नाही. लाकडी हातोड्यानं बुंधा ठोकत वर गेलो तर आवाजही भरीव. पण हे सगळं वरचं झालं. खरं दुखणं असलं तर ते खाली, पाराच्या पोटात. तिथं हातोडा जाणार कसा?

"काय रं, गप कावून झालास?" अक्कानं विचारलं. "एरवी तर आल्या आल्या वराडतोस."

"अक्का, पार फोडावा लागतो. मुळ्या बघितल्याशिवाय मला काई सांगता यायचं न्हाई."

ती पाराकडं बघत राहिली. सिमेंटच्या कडेला दाजींच्या थापीच्या खुणा अजून दिसत होत्या. मला वाटलं, आता नाही म्हणेल. पण ती उठली, घरात गेली, आणि पहार आणून माझ्यापुढं धरली. "फोड," म्हणाली, "पन जे हाय ते खरं सांग. माझ्यासाठी म्हणून गोड बोलू नगंस."

मग ती तोंड फिरवून कोकरांपाशी जाऊन बसली. मी सिमेंट फोडलं, भिंतीचे दगड बाजूला केले. बुंध्याजवळ आल्यावर पहार ठेवली आणि खुरप्यानं मुरूम उकरायला घेतला, मुळ्यांना इजा व्हायला नको म्हणून. ओल्या मातीचा कुबट वास यायला लागला. कुजक्या लाकडाचा तो वास मी झोपेतही ओळखीन.

कानाच्या खाली बोटभर जाडीचा देठ मातीत उतरलेला होता. तो बुंध्यात शिरणार हे मला ठाऊकच होतं. मी उकरत गेलो. देठ सालीजवळून खाली गेला आणि वळला. सालीपासून लांब, बाहेरच्या बाजूला. मला काही कळेना. आणखी उकरलं तर मनगटाहून जाड, पांढरं पडलेलं, ओल्या कापसासारखं लिबलिबीत लाकूड लागलं. गेलं, मूळ गेलं, असं मी पुटपुटलो. मग त्यावरची माती पुसली. लाकडाला कुऱ्हाडीनं तासल्याच्या खुणा होत्या. एका टोकाला दुबेळकं, म्हणजे बेचकं होतं आणि त्यात गंजलेली तार गुंडाळलेली होती.

लिंबाच्या मुळीला तार कोण गुंडाळतं बे?

"अक्का!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की मेंढरं बुजली. "हे काय हाय? इकडं ये!"

ती पदर सावरत आली, वाकून बघितलं, आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. "अगं बया! ही तर आपल्या जुन्या वाडग्याची मेढ. बाभळीची." मेढ म्हणजे छपराला टेकू द्यायचा दुबेळक्याचा खांब. "पार भरताना मुरूम कमी पडला, तवा तुझ्या दाजीनं जुन्या मेढी, मोडकं जू, घावंल ते आत लोटलं. वर सिमिट टाकायचंय, आतलं कोन बघतंय, म्हणलं."

रडावं का हसावं समजेना. बुरशी बाभळीच्या मेलेल्या लाकडावर पोसली होती आणि उजेडाकडं वाट मिळाली म्हणून बुंधा आणि सिमेंटमधल्या फटीतून तिनं कान बाहेर काढला होता. तरी मी लगेच शब्द दिला नाही. सगळा मुरूम उपसला, बुंधा चहूबाजूंनी मोकळा केला. एके ठिकाणी तळहाताएवढी साल काळी पडून मऊ झाली होती. ती खरवडली तर आत लाकूड टणक. खाली पसरत गेलेल्या मुळ्या मांडीएवढ्या जाड, एकेक ठोकून बघितली, सळई टोचून बघितली. एकही पोकळ नाही, मऊ नाही. तो मुरूम आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर नक्की काहीतरी झालं असतं. पण आता जागा मोकळी झाली होती. छपरावर आलेली एक जड फांदी तेवढी हलकी केली की काम संपलं.

"झाड चांगलं हाय, अक्का," मी म्हणालो. "गोड बोलत न्हाई. चांगलं हाय."

माझा जीव भांड्यात पडला होता, पण अक्काचं बघण्यासारखं होतं. ती हसायला लागली, हसता हसता डोळ्याला पदर लावला. "वर गेलं तरी घाबरवतंय बघ हे मानूस!" मग लगेच शेण आणायला निघाली, काळ्या जागेवर लिंपायला. मी पुन्हा ओरडलो. "काई लिंपू नगंस! वारा लागू दे त्याला. आत्ताच बाहेर काढलंय!" ओरडताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

भाच्याला फोन लावला, स्पीकरवर. त्याला चार शब्द सुनावायचे हे मी मनात ठरवून ठेवलं होतं. मेढीचा सगळा प्रकार सांगितला.

"मामा, खरं ना?" तो म्हणाला. "आईनं सांगितलं म्हणून बोलत न्हाई ना?"

"अरं, मी कधी कुणाच्या सांगण्यावरून बोललोय का?"

मग तो आवाज उतरवून म्हणाला, "बुरशी दिसली तेव्हापासून नीट झोप न्हाई, मामा. त्याच्या आधी बी भ्यावच वाटायचं त्या झाडाचं. इकडं जरा वारा सुटला की दुकान सोडून आईला फोन लावायचो. तिनं उचलला की मग जीवात जीव यायचा."

ठरवलेले चार शब्द मी गिळले. अक्का फोनकडं बघत होती.

"म्हणून इचारायचास व्हय रं," ती हळूच म्हणाली, "जेवलीस का, जेवलीस का?"

अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाशी अगदी जवळ धरला.

"ये की मग रविवारी," ती म्हणाली. "लिंबाखाली बसून जेऊ. पार न्हाई आता, भुईवर बसावं लागंल."