आरपार दगड

भूकंपानंतर घरबांधणीचे नियम लिहायला आम्ही पाच इंजिनिअर विष्णुपुरीच्या कॉलेजात बसलो होतो. मसुदा तपासायला लातूरकडचा एक गवंडी बोलावला होता. गवंडी काय तपासणार, म्हणून मी चिडलेलोच होतो.

तो खुर्चीवर टिकेना. सारखा उठायचा, बोटानं भिंत ठोकायचा, कान लावायचा. मी वाचत राहिलो: दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर एक लांब दगड आरपार घालावा, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहतात.

"एवढा लांब दगड आमच्याकडं निघत न्हाई," तो म्हणाला. "मग दोन आखूड बसवतेत, एक आतून, एक भाईरून. बघणाऱ्याला आरपार वाटतो. मधी नुस्ती माती."

"असं करतं कोण?"

भिंतीवरचा हात न काढता तो म्हणाला, "म्याच केलंय, साहेब. माझ्याच घरात."

दगड मिळत नसेल तिथं सळई घालून काँक्रीट ओतावं, असं कलम आम्ही त्याच दिवशी घातलं. त्या घरात कोण कोण होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परवा मुलीच्या क्लाससाठी लातुरात खोल्या बघत हिंडलो. मालक पंखा दाखवत होता, टेबल दाखवत होता. मी भिंत ठोकत होतो.