चिंध्या बांधलेली वांगी

तुम्ही शेवटची सही ज्या कागदावर केलीत, तो कागद वाचला होतात का? खरं सांगा. मी तर न वाचलेल्या कागदाविरुद्ध अख्खं पत्रक लिहिलं होतं, आणि तेही तीन उद्गारचिन्हांसकट.

एरंडोलला आमच्या आबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, जत्रेची जाहिरात, संपाचं पत्रक, संप मोडा म्हणणारं पत्रक, सगळं एकाच मशीनवर निघायचं. खराब निघालेल्या पत्रकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. ‘बंधूंनो, जागे व्हा!’ हे मला आलेलं पहिलं पूर्ण वाक्य. त्यामुळे धुळ्याला कॉलेजात गेल्यावर मी पत्रकं लिहू लागले, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. आबा एवढंच म्हणायचे, “लिहायचं ते लिही, पण अनुस्वार नीट दे.”

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. देशादेशांमध्ये व्यापाराचा एक मोठा करार होणार, त्यातून विकास होणार, असं सरकार सांगत होतं. बियाण्यावर कंपन्यांचा हक्क येणार, म्हणून आमच्या कॉलेजात त्याविरुद्ध वातावरण तापलेलं. हिवाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: ‘शेतकऱ्यांनो! उद्या तुमच्या घरचं बी चोरीचं ठरणार!!’ आबांनी छापलं आणि मी ते आठवड्याच्या बाजारात वाटलं. लोकांनी घेतलं, काहींनी त्यात भजी बांधून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेताशेजारची अक्का दारात उभी. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं, पण भरताच्या वांग्याचं तिचं बी पंचक्रोशीला ठाऊक होतं. हिरवट पांढरी, हातभर वाटावीत अशी वांगी. हिवाळ्यात ती चांगली झाडं हेरायची, त्यांना लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या झाडाचं वांगं कुणी तोडायचं नाही. ते झाडावरच पिकून पिवळं व्हायचं, त्याचं बी ती राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि पावसाळ्याआधी मागेल त्याला मूठभर द्यायची.

तिच्या हातात माझं पत्रक होतं. नातवाने वाचून दाखवलं होतं.

“हाई तू लिखेल शे ना?”

“हो अक्का.”

“कोन्ता पानवर शे हाई?”

“कसलं पान?”

“त्या करारना. मले वाचता येत नही. तुले येस, म्हनीसन इचारस.” मग सहज सांगावं तसं म्हणाली, “मी चिंध्या सोडी टाक्यात. चोरीनं बी मी घरमा ठेवसू नही.”

 चिंध्या सुटल्या म्हणजे आठवडाभरात ती वांगी कुणीतरी तोडणार, आणि पुढच्या सालापासून ते वाणच संपणार. दिल्लीतल्या कुठल्याही मंत्र्याला जे जमलं नव्हतं, ते माझ्या पत्रकाने एका दिवसात करून दाखवलं होतं.

मी शोधायला लागले. माझं पत्रक मी धुळ्याच्या एका पत्रकावरून लिहिलं होतं. ते लिहिणाऱ्या मित्राला गाठलं, तर त्याने ते पुण्याहून आलेल्या पत्रकावरून घेतलेलं. “मूळ मसुदा वीतभर जाड आहे म्हणे, इंग्रजीत,” तो म्हणाला. “पाहिला कुणी नाही.” वर पुन्हा, “पण मुद्दा बरोबर आहे!”

अक्काला मी आठ दिवस मागितले. “वांगी मले इचारीसन पिकतस का?” ती म्हणाली, पण तेवढे दिवस ती वांगी कुणाला तोडू द्यायची नाहीत, हे तिने कबूल केलं.

त्याच आठवड्यात आमच्या भागाचे खासदार भरीत खायला आले. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत होतं, आणि भरीत असेल तिथे पुढारी असतोच. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या, आणि वाढायला अक्का. खासदार पंगतीत मांडी घालून बसले. भाषण करायची चाल या पंगतीत नाही, म्हणून तेही खुशीत होते.

मी समोर जाऊन विचारलं, “हा करार संसदेपुढे आला का?”

“चर्चा होईल ना, ताई.”

“सही होण्याआधी?”

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. माणूस खोटं बोलणारा नव्हता. “सही सरकार करतं. सभागृहाची मंजुरी घेतलीच पाहिजे, असं बंधन नाही.”

अक्का पळीभर भरीत हातात धरून तशीच थांबली. “मंग तुम्ही तठे काय करतस?”

पंगत अशी हसली की झाडावरचे पक्षी उडाले. खासदारही हसले, आणि मग त्यांनी तो चेंडू माझ्याकडे टोलवला. “ताई, तुमचं पत्रक वाचलं मी. करार तुम्ही तरी वाचलाय का?”

“नाही,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“हिनी वाचं नही, यासनी वाचं नही,” अक्काने पंगतीला ऐकवलं, “आनि मन्या चिंध्या फुकट सुटन्यात!”

मग तिने खासदारांच्या पानात पळी रिकामी केली. “खाई ल्या. पन ते पान धाडा. नही धाडं ते पुढला साले तुमले नुसती भाकर.”

खासदारांनी सांगितलं, खासदारांची एक समिती तो मसुदा तपासते आहे, तिच्याकडून बियाण्याची पानं मिळवतो. अक्काने घरी जाण्याआधी चिंध्या परत बांधल्या, पण सैल. “पान येस तठलोंग,” म्हणाली, म्हणजे पान येईपर्यंत.

पाकीट खरंच आलं. झेरॉक्स केलेली चार पानं. आबा, शाळेतले इंग्रजीचे गुरुजी आणि मी, तीन दुपारी शब्दकोश उघडून बसलो. एकेका वाक्यात आम्ही दोनदा हरवलो. शेवटी उमगलं ते असं: वाणांना, म्हणजे ती काढणाऱ्याच्या हक्काला, कायद्याचं संरक्षण द्यायचं, पण तो कायदा कसा करायचा हे ज्या त्या देशाने ठरवायचं. घरच्या बियाला चोरी म्हटलेलं नव्हतं. ते वाटायची मुभा आहे, असंही म्हटलेलं नव्हतं.

अक्काला वाचून दाखवलं. तिने चारही पानं उलटून पाहिली.

“म्हन्जे आजून लिखेल नही?”

“नाही.”

“मंग आपलं लिखी ल्या ना. कोन नही म्हनस?” आणि उठून तिने चिंध्यांच्या गाठी आवळल्या.

मी नवं पत्रक लिहिलं: ‘मागच्या पत्रकात आमची चूक झाली.’ उद्गारचिन्ह एकही नाही. आबा म्हणाले, इतक्या वर्षांत असलं पत्रक या मशीनवरून कधी निघालं नव्हतं, आणि त्यांनी ते लाल शाईत छापलं. खासदारांनी पुढे सभागृहात प्रश्न विचारला. उत्तर आलं, ‘बाब विचाराधीन आहे.’ पुढच्या साली त्यांना भरीत मिळालं. अक्काच्या मते प्रश्नाला भरीत, उत्तराला भाकर.

करारावर सही झाली. बियाण्याचा आपला कायदा मात्र मी हे लिहीत असताना, नव्वदचं दशक सरत आलं तरी, झालेला नाही, म्हणजे ती जागा अजून कोरी आहे. म्हणून तुम्हाला विनंती: आज एक पोस्टकार्ड घ्या आणि तुमच्या खासदाराला लिहा. कायद्याचा मसुदा तुम्ही वाचलात का, आणि घरचं बी शेजाऱ्याला देण्याचा हक्क कोणत्या पानावर आहे, एवढंच विचारा. पान आलं, तर ज्याला वाचता येत नाही त्याला आधी वाचून दाखवा.