सरकारनं अर्धीच घेतलेली ओळ

आपल्या घरातली चीज सरकारनं न विचारता दिल्लीला नेली, असं ठामपणे मानणारी बाई उभ्या देशात एकच होती, आणि ती माझी वाशीमकडच्या शिरपूरची आत्या. तिचे यजमान रोज विहिरीवर अंघोळ करताना मुंडकोपनिषद म्हणत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ते काशीला जाऊन येतो म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. लिहावाचायला न येणाऱ्या आत्यापाशी राहिले ते फक्त ऐकून पाठ झालेले श्लोक. पुढे सरकारी शिक्क्यावर सिंहांखाली 'सत्यमेव जयते' आलं. मी ते तिला वाचून दाखवलं, तेव्हा ही तर यजमानांच्याच श्लोकाची सुरुवात, म्हणत तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली.

त्या दिवसापासून मालेगावची तहसील कचेरी हे तिचं देवस्थान झालं. काम काही नसायचं. बसनं जायची, त्या शिक्क्याच्या पाटीसमोर पदर सावरून उभी राहायची आणि दिसेल त्या कारकुनाला उरलेला श्लोक ऐकवायची. एकदा तिनं खुद्द तहसीलदारांना विचारलं, की पुढचं 'नानृतम्' कुठं गेलं. खोटं जिंकत नाही हे सांगायला सरकारला भीती वाटते काय? त्या भल्या माणसानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि जागा पुरली नसेल, असं सांगितलं. हे तिला लगेच पटलं. यजमानांचं अक्षर म्हणे फार ऐसपैस होतं.

मी पडलो वाशीमचा मास्तर. हे उपनिषद फार जुनं आहे, कितीतरी पंडितांना पाठ आहे, कुणीही सुचवलं असेल, असं मी तिला समजावून पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "मले समजते रे. पन सरकारले कोनीतरी सांगतलंच असंल ना? मंग ते त्याइनंच काहून नाही?"

एका उन्हाळ्यात अंगणात मिरच्या वाळत घालताना तिनं मला त्या श्लोकाचा अर्थ विचारला. इतकी वर्षं तो तिनं कुणालाच विचारला नव्हता. मी सांगितलं, सत्यानं देवांकडची वाट मोकळी होते, आणि ज्यांच्या साऱ्या इच्छा पुऱ्या झाल्या असे ऋषी त्या वाटेनं जातात.

तिचा हात थांबला.

"म्हंजे ते गेले, तवा त्याइची कोनतीच इच्छा राह्यली नव्हती?"

मी खाली मान घालून मिरच्या पसरत राहिलो. ती म्हणाली, "माही तं राह्यली हाये. मंग मी कोन्त्या वाटेनं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी मालेगावला निघाली. त्या दिवशी पहिल्यांदाच मीही तिच्याबरोबर गेलो, आणि कचेरीतल्या त्या पाटीसमोर तिच्या शेजारी नुसता उभा राहिलो.