चार शब्दांचं नाव

ते संगणकाच्या पडद्यावर लाकडी पट्टी उभी धरायचे आणि म्हणायचे, "शब्द नोका मोजू ताई, जागा मोजा." नवख्याला वाटायचं, शिंपी चुकून कचेरीत आला. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, आठवून पाहा.

संग्रामपूरच्या कचेरीत याद्या माझ्याकडे आणि त्यांतून हवे ते रकाने काढणं त्यांच्याकडे. गावोगावच्या साध्या टेक्स्ट फाइली यायच्या: अनुक्रमांक, नाव, गट नंबर, क्षेत्र, नुकसानीचा टक्का. मला आठवडा लागेल ते काम त्यांचा सी भाषेतला प्रोग्राम चहा येईस्तोवर करायचा. "आत काय चालतं हो?" मी विचारायची. "आपल्यासारखंच. एकेक ओळ वाचते बिचारं."

पट्टी मात्र नंतर आली.

बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली त्या वर्षी, निम्म्याहून जास्त पीक गेलेल्या वावरांची यादी त्यांनी काढली. त्याच यादीवरून पाहणीची माणसं वावरात जायची.

एका सकाळी हमीदाबी आल्या. "साहेब, माह्या वावरात कोनीच नाही आलं. बाकीच्यायनं पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला. मी उपटू का राहू देऊ?"

कपाशी उपटली तर दाखवायला काही उरणार नव्हतं. ठेवली तर हरभराही हुकणार होता.

मूळ फाइलीत त्यांचं नुकसान ऐंशी टक्के. यादीत नावच नाही. ते बोटाने ओळ मोजू लागले. प्रोग्राम मोकळी जागा दिसली की नवा शब्द धरायचा. पहिला अनुक्रमांक, पुढचे तीन शब्द नाव, मग गट, क्षेत्र, नुकसान. पण 'हमीदाबी जौजे शेख रहीम', म्हणजे शेख रहीमची बायको हमीदाबी, हे झाले चार. सगळं एक घर सरकलं आणि नुकसानीच्या जागी त्यांचं एक हेक्टर वावर येऊन बसलं. नुकसान एक टक्का!

"मंग काय, नवऱ्याचं नाव अर्धं करू?" हमीदाबींनी विचारलं.

ते ओशाळले. "नाही चाची. माहं सोताचं नाव चार शब्दायचं हाय, अन् मलेच सुचलं नाही."

मग माझ्या टेबलावरची पट्टी उचलून त्यांनी पडद्याला लावली. नावं लांब-आखूड होती, पण गट नंबर मात्र प्रत्येक ओळीत एकाखाली एक, एकाच जागेपासून सुरू होत होते. त्यांनी शब्द मोजणं काढून टाकलं आणि ती जागा प्रोग्रामात घातली. हमीदाबींसोबत आणखी अकरा नावं वर आली.

"पऱ्हाटी राहू द्या. परवा येतो आम्ही."

खरंच गेले, पाहणीवाल्यांच्या पुढे. सगळ्या शिवारात तेवढ्या एकाच वावरात पऱ्हाटी उभी होती, म्हणाले. माझी पट्टी त्यांच्याकडेच राहिली.

गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या बायकोने अर्ज भरायला मला बोलावलं आणि मी लिहायला घेतलं तेव्हा तिने ती पट्टी पुढे ठेवली. अर्जावर नावासाठी तीन चौकटी होत्या. मी पट्टी आडवी लावली, चौकटींच्या रेघांकडे न पाहता डावीकडून सुरुवात केली आणि त्यांचं नाव पूर्ण लिहिलं. चारही शब्द.