दीड वर्षाचा रकाना

आम्हा आशा-सेविकांच्या रजिस्टरला सगळ्याचे रकाने असतात. गरोदर बाया, वजन, ताप, सुई. लोक काय बोलले त्याला मात्र रकाना नाही. म्हणून ते डोक्यातच साचत जातं आणि महिन्याला अड्याळच्या मीटिंगला जाताना ऑटोत आम्ही एकमेकींपाशी ओकतो. आता हसायचाही कंटाळा येतो, तरी सांगते.

रुपाली माझ्या शेजारच्या वॉर्डाची आशा. ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, ती एका बाईला बोलवायला धानाच्या बांधीत गेली. गुडघाभर चिखलातून बाई म्हणाली, "मी लेकराले घेऊन जातो, तं माह्या जागी रोवणा कोण करन? तू करशीन का?" रुपाली साडी खोचून उतरली. तासाभरानं बाई लेकराला सुई टोचून घेऊन परत आली. आभार वगैरे काही नाही. रांगा पाहून म्हणाली, "अव, कोणं शिकवलं तुले? सारं उपटून पुन्हा लावा लागते."

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. एकदा एक माणूस मोबाईल नाचवत त्यांच्यापुढे आला. "ह्या सुईनं पुढं लेकरंच होत नाही म्हणते." सिस्टरनं त्याला बाही वर करायला लावली. दंडावर लहानपणच्या लसीचा वण होता.

"लेकरं किती तुम्हाला?"

"चार."

त्यानं बाही खाली केली. मग म्हणाला, "तवाची कंपनी चांगली असन."

आणि आमचं सुयांचं ट्रेनिंग. रुपालीनं उभं राहून विचारलं, "सर, सुईनंतर ताप काहून येते?" साहेब म्हणाले, "तुम्हाला त्यात पडायचं काम नाही. तुम्ही फक्त लेकरं आणा." शेवटी एक फॉर्म आला, 'काही शंका आहे का?' आम्ही सगळ्यांनी 'नाही' लिहिलं.

शंका मला होती. माझ्या लेकीची, परीची, साडेतीन महिन्यांच्या सुईनंतर मांडी सुजली होती, दोन दिवस ताप होता. असं होतं, दोन दिवसांत उतरतं, ताप आला तर मले आवाज द्या, घाबरू नका, हे मीच गावभर सांगते. पण तिची दीड वर्षाची सुई आली तेव्हा माझं मन धजेना. आज सर्दी, उद्या पाहुणे, असं करत तीन महिने ढकलले. दुसऱ्या कोणी अशी कारणं दिली की मी त्यांचं घर 'नकार'मध्ये लिहिते. माझं नाही लिहिलं. त्याची लाज वाटते, अजूनही.

तळ्याच्या बांधाजवळ मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात सोनाबाई राहते. तिचा नातू परीच्याच वयाचा, त्याचीही दीड वर्षाची सुई राहिलेली. मी पाच चकरा मारल्या. सहाव्यांदा तिनं हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

"तुह्या पोरीचं कार्ड दाखव."

परीचं सुयांचं कार्ड पिशवीतच होतं, नाही कसं म्हणू? सोनाबाईला अक्षर येत नाही. तिनं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, वरून बोट फिरवत आली आणि एका रिकाम्या रकान्यावर थांबली.

"इथं माह्या नातवाचं खाली हाय. तुह्या पोरीचं बी खालीच हाय."

"मले भेव लागते, आजी," मी म्हणाले.

तिनं कार्ड परत दिलं आणि जाळं पुन्हा हातात घेतलं. आता ही गावभर सांगणार, उद्यापासून आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही, असं म्हणत मी घरी आले.

बुधवारी अंगणवाडीत परीला घेऊन मीच पहिली बसले. सिस्टरनं कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सुई भरली. तेवढ्यात सोनाबाई आली, नातवाला कडेवर घेऊन. त्याला खाली बसवलं आणि परीचे पाय तिनंच धरले. सुईनंतर अर्धा तास थांबायचं असतं. तो अख्खा अर्धा तास ती परीच्या कपाळावर हात ठेवून बसली.

मग उठली, नातवाला सिस्टरपुढे केलं आणि मला म्हणाली,

"सांजच्याले ताप आला तं मले आवाज दे. घाबरू नोको."