गूळ खा, पाणी नोको

कोरपन्याच्या स्टँडवर बायको न् मी बशीनं चहा पिलो, ते आमचं सोबतीचं शेवटचं. ती सिमेंट कारखान्यात रिकामी पोती झटकायची, म्हणून खोकायची. बाकावर तिथलाच एक कामगार होता, मिशा-भुवया सिमेंटनं पांढऱ्या. त्यानं गुळाचा खडा फुंकून तिच्या हातावर ठेवला.

“धुळीवर कंपनी गूळ देते, बाई. पाणी पिऊ नोको. आत सिमेंट जमन.”

“मंग तू चहा कसा पिऊन राह्यला?” मी म्हटलं.

“दुधानं जमत नाई, भाऊ.”

बायको खूप हसली. रात्री तिले दम लागला. मी पाणी दिलं, तर “जमन” म्हणत तिनं हसून तांब्या सारला. पहाटे गेली.

माती देऊन दुसऱ्या सकाळी मी तांब्या घेऊन स्टँडवर त्या कामगारापाशी गेलो. “पी,” म्हटलं. तो पिला, न् पोटावर हात ठेवून जमते का पाहत बसला. मीही बसलो.