पुसलेल्या खुणा

भांडुपच्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीत एक नियम होता. राउटरला कुठलीही कमांड द्यायच्या आधी ती मोठ्याने वाचायची. नियम सरांचा. सर मूळचे मालवणचे, आवाज खणखणीत. "मनातल्या मनात नको गो, कानाक ऐकू येऊक व्हया," म्हणायचे. मला ते पाढे म्हटल्यासारखं वाटायचं. इंजिनिअर झाले ती काय परत बालवाडीत बसायला?

त्या दुपारी सर जेवायला गेले होते. बोरीवलीचा आमचा राउटर भांडुपच्या राउटरला आपल्याकडचे इंटरनेटचे रस्ते कळवायचा आणि प्रत्येक रस्त्यावर एक खूण असायची: हा आपला, घे. ही खूण नसलेला रस्ता भांडुपचा राउटर सरळ टाकून द्यायचा. मला त्या रस्त्यांवर आणखी एक खूण लावायची होती. दोन मिनिटांचं काम. मी तोंड मिटून टाइप केलं आणि एंटर मारलं.

स्क्रीन थिजली. बोरीवली गायब.

पाठोपाठ तिथल्या एका हॉस्पिटलमधल्या कम्प्युटरवाल्याचा फोन. "मॅडम, लाइन गेली ना! पेशंट आहे, डोक्याला मार लागलाय. स्कॅन मुलुंडच्या डॉक्टरांना पाठवत होतो, अर्ध्यात अडकला. मोबाइलवरून एवढी मोठी फाइल जात नाहीये. त्यांनी बघितल्याशिवाय इथे कोणी हात लावणार नाही."

बोरीवलीच्या राउटरपर्यंत पोचायचा माझा रस्ताही त्यातच गेला होता. आता आरे कॉलनीतून गाडीने तिकडे जायचं म्हणजे तासभर तरी. तोवर तो माणूस? खोटं कशाला सांगू, हा विचार नंतर आला. आधी आला तो 'माझी वाट लागली' हा. सरांना फोन करायचंही सुचलं नाही.

सर आले तेव्हा मी तशीच बसले होते. माझा चेहरा बघून ते ओरडले नाहीत. "काय टाइप केलंस ता वाच," म्हणाले.

मी वाचायला लागले. ओळीच्या शेवटी आले आणि थांबले. तिथे 'जुन्या खुणा ठेवून' असं सांगणारा एक शब्द हवा होता. तो मी टाकलाच नव्हता. नवी खूण लागली होती आणि आधीची 'हा आपला' ही खूण पुसली गेली होती, म्हणून भांडुपचा राउटर बोरीवलीचे सगळे रस्ते टाकून देत होता.

"भांडुपाक सांग, नवी खूण पण चलतली," सर म्हणाले. भांडुपचा राउटर तर इथेच होता. ती कमांड मी दोनदा मोठ्याने वाचली, मगच एंटर मारलं. बोरीवली परत आली. वीस-बावीस मिनिटं गेली होती.

थोड्या वेळाने त्याच कम्प्युटरवाल्याचा फोन आला. "गेला स्कॅन. डॉक्टर बघतायत." पेशंट कसा आहे, एवढंच विचारायचं होतं. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. ते हॉस्पिटल अजून आमच्याकडेच आहे, त्या माणसाशी आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं. मी आजतागायत विचारलेलं नाही आणि त्यानेही आपणहून कधी सांगितलेलं नाही.